अब्दुल हमीद आमचे जामीनदार नाहीत

गेल्या जुलैमधली गोष्ट. कारगिल विजय दिवस तोंडावर आला होता आणि आठवीच्या वर्गात मी भाषणाची तयारी करून घेत होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची, घाटकोपरच्या एका दाट वस्तीतली. मुलांना चार लोकांसमोर मराठीत बोलण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून असे प्रसंग मी सोडत नाही. भाषण मीच लिहून दिलं होतं. गेली पंधरा वर्षं थोड्याफार फरकाने तेच देते आहे. १९४८चे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, १९६५चे अब्दुल हमीद, १९९९चे कॅप्टन हनीफुद्दीन आणि शेवटी एक ठसक्यातलं वाक्य, "या मातीत आमचंही रक्त सांडलं आहे." टाळ्या तिथेच पडतात.

एका मुलीने पाठांतर मध्येच थांबवून विचारलं, "मिस, बाकी स्कूलवाले भी अपने-अपने लोग गिनते हैं क्या?"

"आधी पाठ कर," म्हणून मी तिला गप्प केलं. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसतं तेव्हा आपण शिक्षक हेच करतो. पण प्रश्न काही गप्प बसला नाही. खरंच, कोण मोजतं असं? शेजारच्या मराठी शाळेतली मुलं कारगिलच्या भाषणात "आमच्या जातीचे इतके, आमच्या धर्माचे इतके" असं सांगत नाहीत. ती फक्त शहिदांना आठवतात. आमची मुलं शहिदांना साक्षीदार म्हणून उभं करतात.

आज स्वतःविरुद्ध आणि माझ्यासारख्या सगळ्यांविरुद्ध लिहायला बसले आहे. आपण आपल्या मुलांना युद्धाचा इतिहास शिकवत नाही. आपण त्यांना जामीन कसा मागायचा ते शिकवतो. अब्दुल हमीद यांचा फोटो पुढे करायचा आणि म्हणायचं, बघा, हे आमचे जामीनदार, आता तरी आम्हाला सोडा. जे आरोपी नाहीत अशा तेरा वर्षांच्या मुलांना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून बचावाचं भाषण पाठ करायला लावतो. त्यांच्यावर आरोप झाला आहे, हे त्यांना पहिल्यांदा कोण सांगतं? कुणी द्वेष करणारा नाही. आम्हीच, त्यांचे शिक्षक.

आणि ज्यांना आपण जामीन म्हणून उभं करतो, त्यांची तरी आपल्याला किती माहिती असते? अब्दुल हमीद हे गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावच्या शिंप्याचे पुत्र. फौजेत जाण्याआधी त्यांनी स्वतःही शिवणकाम केलं होतं. जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडताना १० सप्टेंबर १९६५ रोजी ते खेमकरण भागात मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ब्रिगेडियर उस्मान यांनी झांगर परत घेईपर्यंत पलंगावर झोपणार नाही अशी शपथ घेतली होती. झांगर मार्च १९४८ मध्ये परत आलं आणि ३ जुलैला तिथेच तोफगोळ्याने ते गेले. कॅप्टन हनीफुद्दीन यांचं पार्थिव तुर्तुकच्या बर्फात आठवडेच्या आठवडे पडून होतं. ते आणण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं. शिंप्याचा मुलगा, जमिनीवर झोपणारा ब्रिगेडियर, मुलाचं पार्थिव नाकारणारी आई. यातलं काहीही माझ्या भाषणात नव्हतं. भाषणात फक्त नावं होती, कारण पुराव्यासाठी नाव पुरतं. माणूस लागत नाही.

पुराव्याची ही भूक कुठवर जाते ते व्हॉट्सअॅपवर बघा. इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची ९५ हजारांवर नावं आहेत आणि त्यातली ६१ हजारांहून अधिक मुस्लिमांची आहेत, असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो दर पंधरा ऑगस्टला येतो आणि त्याखाली "माशाअल्लाह"ची रांग लागते. इंडिया गेटवर सुमारे तेरा हजार नावं आहेत. ती स्वातंत्र्यसैनिकांची नाहीत. पहिलं महायुद्ध आणि १९१९चं अफगाण युद्ध यांत ब्रिटिश हिंदी फौजेकडून मेलेल्या सैनिकांची आहेत. म्हणजे आपण खोटी साक्ष देतो, तीही मेलेल्यांच्या नावाने. उद्या एखाद्या मुलाने हा आकडा वर्गाबाहेर कुणाला सांगितला आणि समोरच्याने दोन मिनिटांत खोडून काढला, तर त्या मुलाची मान खाली कुणी घातली?

बरं, या जामिनाने सुटका तरी होते का? मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस आग बरसली. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण मुलांचे फोन चालू होते. व्हिडिओ गेममधली दृश्यं खरं युद्ध म्हणून फिरत होती आणि मुलं ती डोळे विस्फारून एकमेकांना पाठवत होती. त्याच दिवसांत पूंछमधल्या एका मदरशातले शिक्षक पाकिस्तानी तोफमाऱ्यात मारले गेले. काही वाहिन्यांनी त्यांना अतिरेकी ठरवून टाकलं. पूंछ पोलिसांना खुलासा काढावा लागला की हे खोटं आहे. आपल्याच देशाच्या जमिनीवर, शत्रूच्या गोळ्याने मेलेला शिक्षक, आणि त्यालाही मेल्यानंतर पुरावा द्यावा लागला. दिल्लीत जामियाच्या परिसरातल्या कब्रस्तानात ब्रिगेडियर उस्मान यांची कबर २०२० मध्ये फुटलेल्या अवस्थेत आढळली आणि लष्कराने ती दुरुस्त केली. ज्यांच्या नावावर आपण टाळ्या घेतो, त्यांच्या कबरीकडे इतकी वर्षं ना टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाहिलं, ना भाषण लिहिणाऱ्यांनी. त्या भाषण लिहिणाऱ्यांत मीही आले.

मग शिकवायचं काय? त्या मुलीच्या प्रश्नानंतर मला माझी नानी आठवली. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. कोकणातल्या मुस्लिम घरांत पिढ्यानपिढ्या पुरुष जहाजावर जायचे. नानीचा मोठा भाऊ दुसऱ्या महायुद्धात जहाजावर गेला तो आलाच नाही. शब-ए-बरातला घरातले पुरुष कब्रस्तानात निघाले की नानी न चुकता सांगायची, "त्याच्या नावाचीही दुआ करा, त्याची कबर दर्यात आहे." बस, एवढंच. कुठलं जहाज, कोणतं साल, कुणी बुडवलं, काही नाही. मी इतिहास वाचणारी, बी.एड. केलेली बाई, आणि माझ्या घरातलं महायुद्ध एका वाक्याचं होतं.

गेल्या डिसेंबरात मुलाला घेऊन घाटकोपरहून स्लो लोकल पकडली आणि मशीद स्टेशनला उतरले. पूर्वेला पी. डिमेलो रोडवर इंडियन सेलर्स होम आहे. त्या रस्त्याने मी शंभरदा गेले असेन. पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर नाही, अशांचं. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक खलाशांच्या नावांचं पुस्तक बांगलादेशात चितगावला आहे आणि त्याची प्रत मुंबईत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावं घरबसल्याही शोधता येतात.

त्यातली काही पानं छापून मी वर्गात नेली. नाव, जहाज, हुद्दा, कुठे बापाचं नाव, कुठे गाव, कुठे वय. अठरा-एकोणीस वर्षांचेही आहेत. पानं वाटली आणि दोन मिनिटांत एका मुलाने पेन्सिल काढून नावांवर खुणा करायला सुरुवात केली. "मिस, इस पेज पे अपने ग्यारह।"

त्याला रागावले नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं. फक्त म्हटलं, खुणा पुसून टाक आणि आता हुद्दा वाच. मग आम्ही हुद्दे वाचले. सारंग, टिंडल, भंडारी, टोपास. ज्याला इंग्रजीत फायरमन म्हणत तो आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा मारणारा. त्याला कोळसा आणून देणारा कोयलावाला. हे दोघे जहाजाच्या पोटात काम करायचे. टॉर्पेडो लागला की पाणी आधी तिथे शिरतं. वर्ग एकदम शांत झाला. मग पाठीमागून प्रश्न आला, "उन को तैरना आता था क्या?" पंधरा वर्षांच्या भाषणांतून असा एक प्रश्न कधी निघाला नव्हता. त्या पानांवर हिंदू नावं होती, मुस्लिम होती, गोव्याकडची ख्रिस्ती होती. टॉर्पेडोने पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या नव्हत्या.

मुंबईने तर युद्ध स्वतःच्या अंगावर झेललं आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती म्हणून शाळेला सुट्टी असते. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. त्यात कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमाराला आग दिसली आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सरकारने ही बातमी मे महिन्यापर्यंत छापू दिली नाही. शत्रूच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून मात्र ती दुसऱ्याच दिवशी सांगितली गेली. तेव्हा खरी बातमी दाबली होती, आज खोटी ओतली जाते. युद्धात बातमीचं काय होतं हा धडा मुलांना यापेक्षा जवळ कुठे मिळणार?

आणखी एक जहाज. २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' मुंबईहून आफ्रिकेला निघालं. ९५८ माणसं होती, बहुतेक साधे प्रवासी आणि खलाशी. तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीने ते बुडवलं आणि २८० जण गेले. त्यात चांदीही होती. ती २०१७ मध्ये समुद्रतळातून वर काढली गेली, तिच्या मालकीवरून खटला झाला आणि तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये निकालही लागला. चांदीचा हिशेब पूर्ण झाला. त्या २८० जणांची नावं माझ्या विद्यार्थ्यांच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत.

आता आक्षेप. पहिला आमच्यातल्याच लोकांचा: "ती इंग्रजांची लढाई होती. पगारासाठी गेलेल्यांची काय आठवण काढायची?" खरं आहे, लढाई इंग्रजांचीच होती. पहिल्या महायुद्धात तर आपले मुस्लिम शिपाई इराकमध्ये तुर्कांविरुद्ध, म्हणजे खलिफाच्या फौजेविरुद्ध उभे केले गेले. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन कूतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, त्यात मराठा पलटणीही होत्या. त्या शिपायांच्या मनात काय चाललं असेल? हेच तर शिकवायचं आहे. आठवण ठेवणं म्हणजे शाबासकी देणं नव्हे. कुणी पाठवलं, का गेला, काय झालं, घरी कुणी आणि कसं कळवलं, एवढे प्रश्न विचारणं म्हणजे आठवण.

दुसरा आक्षेप माझ्या सहकारी शिक्षिकेचा, आणि तो मला जड वाटतो. ती म्हणाली, "तुझं सगळं बरोबर आहे. पण उद्या रस्त्यात कुणी मुलाला विचारलं, तुमच्या लोकांनी देशासाठी काय केलं, तर त्याच्या हातात काय देशील?" तिची भीती खोटी नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला हा प्रश्न विचारला गेला आहे. पण त्याचं उत्तर एका नावाने दिलं तर समोरचा दुसरं मागतो, दहा दिली तर शंभर मागतो. ज्याने न्यायाधीश व्हायचं ठरवलंच आहे, त्याच्यापुढे साक्षीदार कितीही आणा, तारीख पडतच राहते. मुलाला मी एवढंच देऊ शकते, की तू आरोपी नाहीस, म्हणून उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. आणि तुला खरंच ऐकायचं असेल तर बस, एका आगवाल्याची गोष्ट सांगतो.

मुस्लिमेतर वाचकांनाही एक सांगायचं आहे. प्रेमाने का होईना, आमच्या पाठीवर अब्दुल हमीद यांच्या नावाने थाप मारू नका. ते जितके माझे, तितकेच तुमचे. त्यांचं नाव फक्त आमच्या मोहल्ल्यात आणि आमच्याबद्दल बोलतानाच निघत असेल, तर विसरलात तुम्ही.

माझ्या शिक्षक भावा-बहिणींनो, येत्या १४ एप्रिलला शाळा बंद असेल. आदल्या आठवड्यात एक तास काढा. मुलांना घरी विचारायला सांगा, आपल्या घरातलं कुणी गोदीत होतं का, जहाजावर होतं का, फौजेत होतं का, आणि परत आलं का. माझ्या वर्गात चौघे उत्तर घेऊन आले. एक कोकणातला, एक आझमगडचा, एक साताऱ्याकडचा आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी. तिच्या आजोबांचे वडील गोदीत हमाल होते. १४ एप्रिल १९४४ला ते कामावर होते आणि वाचले. त्यांना शेवटपर्यंत एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि घरात कुणालाच कारण माहीत नव्हतं.

येत्या जुलैत भाषण तिचंच आहे. या वेळी ती स्वतः लिहिते आहे. तिच्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या मी तपासणार आहे.