आळ इनलाइनिंगवर, दोष कुणाचा?

प्रोग्राम साधा कंपाइल केला की बरोबर चालतो, ऑप्टिमायझेशन चढवलं की चुकतो आणि इनलाइनिंग बंद केलं की पुन्हा सुधारतो. एवढ्यावरून इनलाइनिंगला दोषी ठरवणं मला मुळीच मान्य नाही. इनलाइनिंग फंक्शनचा मजकूर उचलून ते बोलावलं त्या जागी ठेवतं, आणि कंपायलरच्या पुढच्या टप्प्यांना एरवी न दिसणारं दिसू लागतं. समजा, एखादं फंक्शन एका पॉइंटरमधून किंमत वाचतं आणि तो पॉइंटर नल आहे का, हे बोलावणारा नंतर तपासतो. दोन्ही मजकूर शेजारी आले की कंपायलरचा तर्क सरळ असतो: वाचला, म्हणजे नल नाही, तपासणी गाळा. सी भाषेचे नियम त्याच्याच बाजूने आहेत; नल पॉइंटरमधून वाचणं हा प्रोग्रामचाच नियमभंग. मग कंपायलर चुकतच नाही? चुकतो. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली सीस्मिथ या साधनाने सापडलेल्या सव्वातीनशेहून अधिक चुका मांडल्या. पण आरोप करायचा तर प्रोग्राम मोजक्या ओळींपर्यंत छाटावा, नियमभंग पकडणारा सॅनिटायझर चालवावा, मग जीसीसी या कंपायलरचे टप्प्याटप्प्याचे डंप, म्हणजे प्रत्येक टप्प्यानंतरच्या प्रोग्रामच्या नोंदी, ताडून तपासणी कुठे गळाली ते दाखवावं. हे मोठ्या शहरांतल्यांचं काम, परभणीच्या मुलांना कसं जमेल, असं कुणी म्हणेल. का नाही जमणार? जीसीसी मोफत आहे, त्याचा सोर्सही खुला आहे आणि डंप काढायला साधा संगणक पुरतो. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांनी जीसीसीचं अंतरंग वर्षानुवर्षं शिकवलं. परभणी, जिंतूर, सेलूच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या वहीत तयार आउटपुट उतरवायला लावण्यापेक्षा असा एक डंप वाचायला द्यावा.