वसंत पाहावा पाणवठ्यावर

वसंत म्हटला की कोवळी पालवी, मंद वारा आणि फुलाफुलांवर भिरभिरणारी फुलपाखरे डोळ्यांपुढे उभी राहतात. हा वसंत पुस्तकातला. आमच्या जव्हार-मोखाड्याचा वसंत निराळा. शिमग्याच्या सुमारास माळ पिवळे पडलेले, साग उघडे, आणि शेताशेतांतून राब भाजल्याचा धूर! निसर्गसहलीला आलेली मंडळी ‘येथे काहीच नाही’ म्हणत शिदोऱ्या सोडतात, यात नवल ते काय?

वस्तुतः पाने गळली म्हणूनच पाखरे दिसतात. पळस, पांगारा, काटेसावर पानांवाचून फुलतात. एखाद्या सावरीखाली तासभर स्वस्थ बसावे. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर सारे मधासाठी तेथेच येतात. पहाटे दयाळ गातो. त्याची शीळ ऐकली की कोकिळेचे कौतुक मला अंमळ जास्तच वाटते. (शिवाय गातो तो नर, कोकीळ, हे आमच्या कवींना कोणी सांगावे?)

फुलपाखरांचे तसे नाही. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेला नीलवंत खरा बहरतो पावसाळ्यात आणि त्यानंतर. मार्चमध्ये फुलपाखरे पाहायची तर आटत्या ओहोळाच्या ओल्या वाळूवर. तेथे पिवळी-पांढरी फुलपाखरे, त्यांतही बहुतेक नर, थव्याने बसून ओलीतले क्षार शोषतात. आणि तेथेच, चार हातांवर, वाळूत खड्डा खणून पाझरलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरणारी एखादी मावशी असते. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या याच मुलखात उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहतात. कॅमेरा फुलपाखरावर रोखायचा आणि हंडा चौकटीबाहेर ठेवायचा, हे मला पटत नाही.

निसर्ग पाहताना सामाजिक प्रश्न मध्ये आणू नयेत, असे काही गुरुजन म्हणतील. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी विचारतो, प्रश्न आणतो कोण? दोघेही एकाच ओलीसाठी तेथे आलेले आहेत. शिवाय ती मावशी पहाटे मोह वेचायला रानात असते. कोणते पाखरू केव्हा बोलू लागते, हे तिला ठाऊक असते. आपण मात्र छापील यादी हातात धरून तिच्यासमोरून निघून जातो.

म्हणून माझी सूचना अशी : पुढील सहल मोह गळत असताना, भल्या पहाटे निघावी. वहीत तीन रकाने आखावेत. पहिला पाखराच्या पुस्तकी नावाचा, दुसरा मावशीने सांगितलेल्या नावाचा, आणि तिसरा त्या खड्ड्यातले पाणी कोणत्या तारखेपर्यंत टिकले याचा.