‘कझिन’ म्हणजे नक्की कोण?

तुमचा कझिन म्हणजे तुमचा नक्की कोण? हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारून बघा. दोन मिनिटं डोकं खाजवून उत्तर येतं, “अगं, आईच्या साईडचा!” आम्ही कॉन्व्हेंटवाले तर यात एकदम पुढे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार स्वतंत्र शब्द मराठीत आहेत, आम्ही चौघांना एकाच डब्यात कोंबलं.

हे आठवायचं कारण म्हणजे राजेश मापुस्करांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६). २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला दिग्दर्शनासह तीन पुरस्कार मिळाले. गणपती तोंडावर आलेत आणि कामेरकरांचे गजाकाका मुंबईच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर आहेत. गावचे, शहरातले, रुसलेले, भांडलेले सगळे जमतात. काकांची काळजी खरी, पण सुतक लागलं तर गणपतीचं काय, ही काळजीसुद्धा तितकीच खरी! आपण हसतो, कारण ही माणसं आपल्याच घरची वाटतात. पण वडिलांशी कधीच न पटलेला प्रसन्न (जितेंद्र जोशी) समोर आला की हसू घशात अडकतं.

२०२४च्या ‘अ रिअल पेन’मध्ये दोन चुलतभाऊ आजी गेल्यावर तिचं घर बघायला अमेरिकेतून थेट पोलंडला जातात. आपलं तसं नाही. अंधेरी-बोरिवलीहून रात्री निघालं की सकाळी कोकणातल्या घरी. तरी आपण तिथे काय करतो? ओटीवर बसून मोबाईलची रेंज शोधतो! ते घर कुणी बांधलं, काकांचं नि बाबांचं कशावरून बिनसलं, पहिल्यांदा मुंबईला कोण आलं, हे विचारायचं राहूनच जातं. विचारायची वेळ आली की सांगणारा आयसीयूत असतो.

आणि एक मुद्दा खास मुलींसाठी. जुन्या वंशावळी काढून बघा. बापाखाली मुलगा, त्याखाली नातू. मुली बहुतेक ठिकाणी गायब! वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, २००५च्या दुरुस्तीने तो देशभर आला. पण सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायचं म्हटलं की अजूनही कितीतरी घरांत चेहरे उतरतात. वारसा म्हणजे फक्त उकडीचे मोदक आणि ग्रुप फोटो नव्हे. कोणाला वगळलं, हाही त्याचाच भाग आहे. ‘जाऊ दे, कशाला वाद’ म्हणून तो झाकायचा का? माझ्या मते, मुळीच नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या गणपतीत एक कोरी जर्नल घेऊन जा. आजीजवळ बसा आणि वंशावळ काढा. आत्या, मावशी, पणजी, सगळ्यांची नावं लिहा, माहेरच्या नावासकट. कुठे आजी चिडेल, कुठे रडेल, मध्येच कुणीतरी “हे कशाला उकरतेस?” म्हणून ओरडेल. ओरडू दे. नेमकं तिथेच पुढचा प्रश्न विचारा.