व्होल्वोने ग्रेडर बंद केला, मग जुन्या मशीनचं काय?

२०२२ चा गिनीज रेकॉर्ड आठवतो ना? ३ ते ७ जून या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, बडनेऱ्याजवळच्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत, ७५ किलोमीटर सिंगल लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झालं. डांबर अंथरणाऱ्या पेव्हरचं तेव्हा खूप कौतुक झालं. पण पेव्हर येण्याआधी खालचे थर पसरून लेव्हल करायला बहुतेक वेळा वेगळंच मशीन लागतं. ते म्हणजे ग्रेडर. आज त्याच्याबद्दल आणि त्याच्या एका स्वीडिश कंपनीबद्दल बोलूया.

ग्रेडर करतो काय?

लांबलचक मशीन, सहसा सहा चाकं आणि मधोमध तिरपं फिरणारं लोखंडी पातं. सुताराचा रंधा डोळ्यांपुढे आणा. स्वीडिश भाषेत ग्रेडरला जो शब्द आहे, त्याचा अर्थच ‘रस्त्याचा रंधा’ असा होतो. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर भरपूर असतं. त्यामुळे पुढचं चाक खड्ड्यात गेलं तरी मधलं पातं तेवढं खाली जात नाही आणि थर सपाट येतो.

आपल्या वऱ्हाडात याला फार महत्त्व आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी रस्त्यावर थांबून खाली मुरलं, तर वरचं डांबर कितीही भारी असो, उखडणारच. म्हणून डांबरी रस्त्याला साधारण अडीच टक्के आडवा उतार देतात. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये तो होतो जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटर, आणि तो खालच्या थरापासूनच धरावा लागतो.

कंपनीची गोष्ट

१८३२ मध्ये योहान थेओफ्रॉन मुंकटेल यांनी स्वीडनच्या एस्किलस्टुना गावात कारखाना काढला. स्वीडनमध्ये बनलेलं पहिलं वाफेचं रेल्वे इंजिन १८५३ मध्ये इथलंच. १८४४ मध्ये स्टॉकहोमला बोलिंडर बंधूंचा कारखाना सुरू झाला. १९३२ मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन ‘बोलिंडर-मुंकटेल’ झाली. ट्रॅक्टरसोबत तिने ग्रेडरही बनवले. १९५० मध्ये व्होल्वोने ती विकत घेतली.

पुढे १९९७ मध्ये व्होल्वोने कॅनडातली ग्रेडर बनवणारी चॅम्पियन कंपनी घेतली. आणि २०१३ च्या अखेरीस काय जाहीर केलं? व्होल्वोच्या नावाचे ग्रेडर बंद करणार, यापुढे ग्रेडर चीनमधल्या एसडीएलजी या ब्रँडखाली येणार! (व्होल्वो कार ही वेगळी कंपनी बरं का, तिची मालकी २०१० पासून चीनच्या जीलीकडे आहे.)

मग जुन्या मशीनचं काय?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. जुन्या ग्रेडरचे लिव्हर, पाइप, गिअर डोळ्यांना दिसतात. पात्याची झिजलेली धार बोल्ट काढून बदलता येते, तुटलेला भाग चांगला टर्नर बनवून देऊ शकतो. नव्या पिढीच्या ग्रेडरवर सेन्सर आणि जीपीएस बसवता येतात, पातं आपोआप वर-खाली होतं. काम झकास! पण बिघाड शोधायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. उद्या कंपनीनेच ते मॉडेल सोडलं तर? अपडेट थांबलेल्या फोनसारखी गत, फक्त इथे मालकाच्या डोक्यावर लाखोंचं कर्ज असतं.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात चार गट आहेत: शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. रस्त्याच्या मशीनचा वेगळा गट नाही. मला हे चुकीचं वाटतं. ज्या मशीनवर एका ऑपरेटरचं घर चालतं, तिच्या दुरुस्तीची माहिती मोबाइलइतकीच खुली हवी.

घेण्याआधी हे विचारा

तुमच्या घरात कुणी सेकंड हँड ग्रेडर किंवा जेसीबी घेत असेल, तर रंग आणि ब्रँड बघून सौदा करू नका. तीन गोष्टी विचारा. या मॉडेलचे पार्ट आज कोण देतं? बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर बाहेरच्या मेकॅनिकला मिळतं का? सेन्सर बंद पडला तर पातं हाताने चालवता येतं का? उत्तरं लेखी घ्या, भाऊ. हप्ता मशीन बंद असतानाही भरावाच लागतो.