न मोजलेल्या नदीची नाडी

गडचिरोलीतल्या भामरागडजवळ पर्लकोटा नदीचे पाणी जुन्या, ठेंगण्या पुलावर चढले की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. वर्षानुवर्षे ही बातमी पावसाळ्यात येते आणि दोन ओळींत संपते. पण पुलापलीकडे एखादी दिवस भरत आलेली बाई असते, कुणाला साप चावलेला असतो. त्यांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच असतो, की पाणी कधी चढेल आणि केव्हा उतरेल? गावात ऊन असतानाही पूर येतो, कारण पाणी वरच्या अंगाला छत्तीसगडच्या डोंगराळ जंगलातून येते.

याचे उत्तर हवे तर नदी मोजलेली असावी लागते. पुलाच्या खांबावरच्या पट्टीवरून पातळी कळते, प्रवाह नव्हे. पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग वेगवेगळ्या पातळ्यांना मोजून अमुक पातळीला सेकंदाला इतके घनमीटर पाणी, असे कोष्टक तयार करावे लागते. मोठ्या पुराने पात्र बदलले की ते पुन्हा करावे लागते. हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे आहे. त्यामुळे मोजणीची ठाणी मोठ्या नद्यांवर आणि धरणांजवळ असतात, असंख्य ओढे-नाले मात्र तसेच राहतात. जगभर हीच स्थिती आहे.

मग अंदाज बांधायचा कसा? जुना मार्ग सूत्रांचा. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी निगडित सर क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र पश्चिम घाटातल्या, पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी आजही वापरात आहे. पाणलोट १०० चौरस किलोमीटरचा असेल, तर त्यानुसार कमाल पूर सेकंदाला सुमारे १,१८० घनमीटर येतो. पूल किती उंच बांधावा हे त्यावरून ठरवता येते. परवा पूर येईल का, हे मात्र कळत नाही.

आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेने २००३ ते २०१२ हे दशक याच प्रश्नाला वाहिले होते. त्यामागचा विचार डॉक्टरांना ओळखीचा वाटेल. नव्या रुग्णाचे जुने कागद नसले, तरी वय, वजन आणि लक्षणे पाहून तशाच रुग्णांच्या अनुभवावरून निदानाची दिशा ठरते. तसेच उतार, माती, जंगल आणि पाऊस सारखा असलेल्या मोजलेल्या खोऱ्यावरून न मोजलेल्या खोऱ्याचा अंदाज बांधता येतो.

हीच तुलना आता संगणक हजारो नद्यांच्या नोंदींवरून शिकतो. गुगलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडलेली पद्धत ५,६८० मोजणी ठाण्यांच्या नोंदींवर आधारलेली होती. ज्या ठाण्यांच्या नोंदी शिकताना दाखवल्या नव्हत्या, तिथे तिची परीक्षा घेतली. मोठ्या पुरांचा तिचा पाच दिवस आधीचा अंदाज, युरोपातून चालणाऱ्या जागतिक प्रणालीच्या त्याच दिवसाच्या अंदाजाइतका विश्वासार्ह ठरला.

यावरून मोजणीची गरज संपली असे मानणे घातक ठरेल. संगणक शिकला तो मोजलेल्या नद्यांवरूनच. जिथे ठाणी विरळ, तिथे त्याच्या चुका तपासायलाही काही नसते. धरणाचा दरवाजा केव्हा उघडणार, हे माती आणि उतार पाहून कळत नाही. अंदाजाची भिस्त पावसाच्या अंदाजावर असते, आणि डोंगरातल्या ढगफुटीत तोच चुकतो. कोकणातल्या आखूड, तीव्र उताराच्या नद्यांत तर हाताशी काही तासच असतात.

आरोग्ययंत्रणेला मात्र अचूक आकडा लागत नाही. पूल दोन दिवसांत बुडण्याची शक्यता मोठी आहे, एवढे कळले तरी बरेच काही करता येते. दिवस भरत आलेल्या स्त्रियांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ‘माहेरघरा’त आधीच आणता येते. डायलिसिसच्या रुग्णांना वेळेवर हलवता येते. सर्पदंशावरची इंजेक्शने, क्षारसंजीवनी आणि क्लोरीन पलीकडच्या उपकेंद्रात पोचवता येतात, रुग्णालयाचा जनरेटर आणि ऑक्सिजन वरच्या मजल्यावर नेता येतो. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस बहुधा एक-दोन आठवड्यांत डोके वर काढतो. त्याची तयारीही तेव्हाच सुरू व्हायला हवी. इशारा चुकीचा ठरला, तर एक फेरी वाया जाते. इशारा आलाच नाही, तर जीव जाऊ शकतो.

म्हणून अंदाजाचा संदेश जिल्हा कचेरीत न थांबता आशा कार्यकर्ती आणि रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत जायला हवा. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी, ती रोज वाचणारा गावातला माणूस आणि त्याच्या नोंदींची वही एवढी सोय प्रत्येक ओढ्यावर परवडणारी आहे. त्या वहीत पात्राचा छेद आणि वेग यांची अधूनमधून मोजणी जोडली, तर काही पावसाळ्यांनी तो ओढा न मोजलेला राहणार नाही.