वेळासच्या किनाऱ्यावर काय नाही

गेल्या मार्च महिन्यात आमच्या भूगोल विभागाची सहल रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी गेली होती. परत आल्यावर अभ्यास मंडळात चर्चा झाली आणि 'वेळासच्या किनाऱ्याचा पर्यटनासाठी विकास करावा' असा ठराव बहुमताने मंजूर झाला. त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. तो हात आज मी खाली घेत आहे. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

समुद्र आम्हा मुदखेडकरांपासून किती दूर आहे ते आधी सांगितले पाहिजे. आमची गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि चौदाशेहून अधिक किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सहलीला आलेल्यांपैकी समुद्र पूर्वी पाहिलेले तिघेच होते, आणि त्यांनी पाहिली होती ती मुंबईची चौपाटी.

नांदेडहून पनवेलपर्यंत रेल्वे, पुढे एस्टीने मंडणगड, आणि मंडणगडहून डोंगरातली वळणे घेत जाणारी आणखी एक एस्टी. अंग मोडून गेले होते. वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. पेशवाईचा कारभार पाहणाऱ्या घराण्याचे गाव म्हणून आम्ही काही भव्य पाहायला मिळेल अशी कल्पना केली होती. प्रत्यक्षात नारळी-पोफळीत लपलेली कौलारू घरे, आणि तेथून चालत गेल्यावर सुरूचे बन ओलांडून एकदम समोर वाळू.

दुपारचे तीन वाजले असतील. आमच्याकडचे ऊन भाजते, तिकडचे उकडते. घाम येतो तो वाळतच नाही. सावली काय ती सुरूच्या झाडांची, तीही पाण्यापासून लांब. आमचा एक मित्र चपला हातात घेऊन वाळूवर उड्या मारीत म्हणाला, "सर, काहीच नाही की हो इथं!"

त्याचे खोटे नव्हते. भेळेची गाडी नाही, खुर्ची नाही, घोडा नाही, कपडे बदलायला खोली नाही. लांबच लांब वाळू आणि एका कडेला जाळीचे एक छोटे कुंपण. पनवेलपासून एवढे हाल सोसून आलो ते यासाठी का, असे मलाही वाटले.

'विकसित नाही' हे शब्द आमच्या कानांना जरा जास्तच झोंबतात. १९७४ सालचे मराठवाडा विकास आंदोलन आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले. अनुशेष मोजण्यासाठी १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली. तो 'अनुशेष' घरात, एस्टीत, सभेत ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे जेथे काही नाही तेथे काहीतरी आणले पाहिजे, हा विचार आमच्या डोक्यात आपोआप येतो. मंडळात हात वर गेला तो या सवयीने.

आता त्या जाळीच्या कुंपणाविषयी. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यापासून रात्रीच्या अंधारात या वाळूवर येतात, हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, उरलीसुरली कोल्हे-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे काम सुरू केले, गावकरी त्यात आले, आणि आता गावातलीच माणसे पहाटे किनारा चालून घरटी शोधतात. अंडी कुंपणात आणून तशाच खड्ड्यात ठेवतात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले निघतात.

संध्याकाळी आम्ही दोरीच्या मागे उभे राहिलो. गावातल्या एका तरुणाने वाळूवरची टोपली उचलली. खाली तळहातापेक्षा लहान अशी काळी पिल्ले वळवळत होती. ती पाण्याजवळ सोडली. काही सरळ निघाली, काही उलटी वळली, एक तर लाटेने तीनदा मागे आणून टाकले. दिवसभर 'काहीच नाही' म्हणणारा आमचा मित्र तेव्हा गुडघ्यावर बसून "चल रे, चल" म्हणत होता.

त्याच तरुणाने सांगितलेली एक गोष्ट मात्र मला मंडळातील चर्चेच्या वेळी आठवायला हवी होती, आणि आठवली नाही. निसर्गतः ही पिल्ले रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे उजेड दिसतो तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूचा असतो. किनाऱ्याला हॉटेलचे दिवे लागले की ती उलट दिशेने, दिव्याकडे चालू लागतात. मादीही झगझगीत किनाऱ्यावर यायला बिचकते. म्हणजे आम्ही जे 'नाही' म्हणून मोजत होतो, त्यातला अंधार हा तेथला सर्वात मोठा 'आहे' होता.

हे झाले किनाऱ्याचे. पण येथेच थांबलो तर मी पुण्या-मुंबईहून आलेल्या त्या गृहस्थांच्या पंक्तीला जाऊन बसेन, ज्यांनी रात्री जेवताना, "हे गाव असंच राहिलं पाहिजे," असे सांगितले. ते स्वतःच्या मोटारीने आले होते. वेळासला पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, आमची सोय जेथे होती तेथील काकू वाढता वाढता म्हणाल्या, "असंच म्हणजे कसं हो? आमचा थोरला मुंबईला असतो. गणपतीत नि शिमग्याला येतो. तो पण असंच म्हणतो."

पुढे त्या आम्हा मुलांशी बऱ्याच बोलल्या. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन मंडणगड गाठायचे म्हणजे काय होते, ते सांगितले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा पोफळीची बाग कशी आडवी झाली, ते सांगितले. पोफळ काही ज्वारी नव्हे, की पुढच्या हंगामात पुन्हा उभी राहील. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे नऊशेच्या आसपास. तरी उन्हाळ्यात पाण्याची काळजी आमच्यासारखीच. हे ऐकून मला फार आश्चर्य वाटले. कोकणाचा अनुशेषही कोणीतरी मोजलाच असेल, पण तो आपल्याला कधी पाठ करावा लागला नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. किनारा आणि गाव या दोन गोष्टी आहेत आणि आमच्या ठरावाने त्या एक करून टाकल्या. गावाला एस्टी हवी, डॉक्टर हवा, एप्रिलमध्ये पाणी हवे, थोरल्याला तेथेच पोट भरता येईल असे काम हवे. यांपैकी एकही गोष्ट वाळूवर बांधावी लागत नाही. आणि वाळूवर जे बांधले जाईल ते काकूंच्या मुलाच्या मालकीचे असणार नाही, हे सांगायला फार मोठ्या अर्थशास्त्राची गरज नाही. आज पाहुण्याच्या जेवणाचे पैसे त्यांच्या घरात जातात. उद्या ते दुसऱ्याच्या गल्ल्यात जातील आणि काकूंना तेथे भांडी घासायचे काम मिळेल.

कायदा आहे, तो रोखील, असे चर्चेत कोणी म्हणाले. १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध घातले, हे खरे. पण २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा पन्नास मीटरवर आणला. विरळ वस्तीच्या भागात तो दोनशेच राहिला. दोनशेचे पन्नास व्हायला एक अधिसूचना पुरते.

या मताला विरोध होईल, हे मला माहीत आहे. आमच्या एका मैत्रिणीने तो आधीच केला आहे. ती म्हणते, "तू एकदा जाऊन आलास, आता बाकीच्यांनी त्रास काढून जावं असं तुझं म्हणणं." याला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. तिच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि तिने समुद्र पाहिलेला नाही. मंडणगडहून सुटणारी एस्टी वेळेवर आणि बसायला जागा देणारी असेल तर त्या माउलीला किनाऱ्यापर्यंत नेता येईल. पुढे सुरूखाली एक बाकडे ठेवायला माझी हरकत नाही. दिवा मात्र नको.

मंडळाच्या पुढील बैठकीत हा ठराव मागे घेऊन दोन निराळे ठराव मांडावेत, अशी सूचना मी सचिवांकडे लेखी दिली आहे. वेळासच्या ग्रामपंचायतीला पत्र लिहून त्यांचे म्हणणे आधी मागवावे, असेही त्यात लिहिले आहे. पहिल्या वेळी हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. सरांनाही नाही.