संगणकाचा काळा पडदा आणि शाळेचें कपाट

आजकाल बहुतेक शाळांतून संगणक आहेत असें आपण ऐकतों. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. संगणकाचें कपाट पुष्कळ शाळांत आहे. कपाटास कुलूप आहे. आणि कुलपाची किल्ली कोणाजवळ असते हेंहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु आंतील यंत्र चालतें काय, असें विचारलें असतां "पडदा काळा आला, तेव्हांपासून तें बंदच आहे," हें उत्तर मिळतें. ह्या उत्तरांत एक मोठी चूक दडलेली आहे, आणि तिची किंमत आपलीं मुलें देत आहेत. म्हणून ह्या विषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

गेल्या पावसाळ्यांत मुळशी तालुक्यांतील उरवडे ह्या गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा आम्हांस योग आला. पुण्याहून पश्चिमेस पिरंगुटपर्यंत जावें व तेथून मुठा खोऱ्याकडे वळणारा रस्ता धरावा, म्हणजे उरवडे लागतें. एकीकडे भातखाचरें व दुसरीकडे कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी, असें ह्या भागाचें आजचें रूप आहे. आमच्या स्नेह्यांची नात नववींत शिकते. तिनें आपल्या शाळेंतून परवानगी घेऊन एक लहानसें खोकें घरीं आणिलें होतें. आंत पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी होती. हाच तो संगणक ! वर्षभर तो कपाटांत पडून होता.

आजोबा म्हणाले, "अग, मेलेलें यंत्र घरीं आणून काय करणार ? सरांनीं सांगितलेंच आहे ना, कीं तें गेलें म्हणून !"

ती म्हणाली, "गेलें असेल तर असो, आजोबा. पण त्यांतलें काय गेलें, तें तरी बघूं द्या."

ह्या मुलीचा प्रश्न आम्हांस फार आवडला. "गेलें" हा शब्द आपण सहज उच्चारतों. "काय गेलें" हें मात्र क्वचितच विचारतों.

हें यंत्र कसलें, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्याचें नांव रास्पबेरी पाय. इंग्लंडांतील केंब्रिज येथील कांहीं शिक्षकांस व अभियंत्यांस असें दिसून आलें कीं, विद्यापीठांत येणाऱ्या मुलांस संगणक वापरतां येतो, परंतु तो आंतून कसा चालतो हें त्यांस पूर्वींच्या मुलांइतकें ठाऊक नसतें. मुलांनीं निर्भयपणें हाताळावा असा स्वस्त संगणक असावा, ह्या हेतूनें त्यांनीं तो तयार केला, आणि २०१२ च्या फेब्रुवारींत तो विक्रीस आला. त्याची त्या वेळची किंमत ३५ डॉलर होती. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. म्हणजे ज्या यंत्राचा जन्मच मुलांच्या हातांसाठीं झाला, तेंच आपण मुलांच्या हातांपासून जपून ठेवीत आहों.

ह्या संगणकास स्वतःचा पडदा नसतो. तो एचडीएमआयच्या तारेनें निराळ्या मॉनिटरास जोडावा लागतो. येथेंच गैरसमजाचें मूळ आहे. पडद्यावर कांहीं दिसलें नाहीं म्हणजे संगणक मेला, असें आपण धरून चालतों. वास्तविक काळा पडदा एवढेंच सांगतो कीं, चित्र आमच्यापर्यंत पोंचलें नाहीं. तें निघालेंच नाहीं, कीं निघून वाटेंत अडलें, कीं घेणारा झोपीं गेला होता, हें त्यावरून मुळींच कळत नाहीं. पत्र आलें नाहीं म्हणून पत्र लिहिणारा वारला, असें कोणी शहाणा म्हणेल काय ?

तेव्हां शोध क्रमानें केला पाहिजे. पहिला प्रश्न विजेचा. उरवड्याच्या त्या घरांत यंत्रास मोबाइलचा एक जुना चार्जर लाविला होता. पाटीवरील तांबडा दिवा लागे, मालवे, पुन्हां लागे. हें यंत्र २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीचें होतें, आणि तिच्यासाठीं ५.१ व्होल्ट व २.५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. आतां शाळेंतील ओहमचा नियम येथें लावून पहा. समजा, तार बारीक असून तिच्या जाणाऱ्या व येणाऱ्या धाग्यांचा रोध मिळून ०.३ ओहम आहे, आणि यंत्र २ अँपिअर प्रवाह ओढीत आहे. तर ०.६ व्होल्ट तारेंतच खर्च होतील; ५ व्होल्ट निघाले तरी यंत्राच्या दारीं ४.४ च पोंचतील. ह्या आवृत्तींत दाब सुमारें ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला कीं तांबडा दिवा मालवतो. म्हणजे यंत्र वर्षभर आपली तक्रार स्पष्ट सांगत होतें. वाचणारा मात्र कोणी नव्हता. मुलीनें हें गणित आमच्यादेखत वहींत मांडिलें. मग आम्ही पिरंगुटच्या बाजारांतून योग्य पुरवठ्याचा अडॅप्टर व जाड तार घेऊन आलों. तांबडा दिवा स्थिर झाला.

पडदा मात्र काळाच राहिला !

येथें पुष्कळ लोक थांबतात. "एवढें करूनहि चालत नाहीं, त्या अर्थीं तें गेलेंच," असें म्हणून खोकें बंद करितात. एका यंत्रांत एकाच वेळीं दोन दोष असूं शकतात, हें आपण विसरतों. पहिला उपाय लागू पडला नाहीं असें नव्हे. तो लागू पडलाच होता, परंतु त्याचें फळ दुसऱ्या दोषाच्या आड लपलें होतें.

दुसरा प्रश्न कार्डाचा. ह्या यंत्राची सारी प्रणाली नखाएवढ्या एका मेमरी कार्डावर असते, आणि त्याच्या वाचनाची खूण म्हणून पाटीवर हिरवा दिवा लुकलुकतो. तो अनियमित लुकलुकत असेल तर वाचन चालू आहे. तो मोजून चार वेळां लुकलुकून थांबत असेल व पुन्हां तसेंच करीत असेल, तर आरंभाची एक आवश्यक फाइल सांपडत नाहीं. सात वेळां लुकलुकत असेल, तर लिनक्सचा गाभाच सांपडत नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या संगणकावर कार्ड नव्यानें लिहून घेतलें म्हणजे बहुधा काम होतें. आमच्या भागांत कार्ड बिघडण्याचें एक कारण नित्याचें आहे. पावसाळ्यांत वीज न सांगतां जाते, आणि त्या क्षणीं लिनक्स कार्डावर कांहीं लिहीत असेल तर तें लेखन अर्धेंच रहातें. म्हणून हिरवा दिवा चालू असतां तार उपटूं नये, आणि एक जादा कार्ड तयार करून नेहमीं जवळ ठेवावें.

उरवड्यास हिरवा दिवा अनियमित लुकलुकत होता. मुलीनें बराच वेळ तो निरखून पाहिला आणि म्हणाली, "काका, हा आंत काम करतोय !" पडदा काळा, परंतु यंत्र जागें ! तेव्हां तिसरा प्रश्न उरला तो मॉनिटरचा.

संगणक सुरू होतांना मॉनिटरास विचारतो कीं, तूं आहेस काय, आणि किती मोठें चित्र तुला दाखवितां येतें ? मॉनिटरानें उत्तर दिलें तर चित्र त्याच्याकडे जातें. तो त्या वेळीं बंद असला तर उत्तर येत नाहीं. मग ह्या जुन्या आवृत्त्या कोणी नाहीं असें समजून जुन्या टीव्हीसाठीं ठेविलेल्या दुसऱ्या वाटेनें चित्र धाडतात. नंतर मॉनिटर लाविला तरी तो काळाच रहातो. त्या घरांत नेमकें हेंच होत होतें. संगणक आधीं व मॉनिटर मागाहून, असा क्रम शाळेंत पडला होता, आणि घरींहि तोच चालला होता. मुलीनें हिरवा दिवा शांत होईपर्यंत वाट पाहिली, तार काढिली, प्रथम मॉनिटर लाविला, आणि मग यंत्रास वीज दिली. क्षणभर रंगीत चौकोन दिसला आणि थोड्या वेळानें पडदा उजळला. आजोबा खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

हा क्रम नेहमीं पाळणें शक्य नसेल तर "कॉन्फिग डॉट टीएक्सटी" ह्या फाइलींत मॉनिटर आहे असें समजूनच चाल, अशी आज्ञा लिहून ठेवितां येते. नव्या प्रणालींत ती निराळ्या फाइलींत द्यावी लागते. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीस मॉनिटरच्या दोन बारीक खांचा आहेत. त्यांपैकीं वीजतारेजवळची आधीं वापरावी. कधीं कधीं तर पडदा केवळ कांहीं मिनिटें कोणी हात न लाविल्यामुळें विसावलेला असतो, आणि एक कळ दाबतांच जागा होतो.

आतां आमच्या मुख्य म्हणण्याकडे वळूं. दोष असा साधा असतां यंत्र वर्षभर कपाटांत कां राहिलें ? शिक्षकांस दोष देणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. प्रत्येक शाळेंत डेडस्टॉक रजिस्टर असतें. यंत्र त्यांत चढलें कीं त्याची जबाबदारी कोणा एकावर येते. मुलाच्या हातून तें बिघडलें तर जाब त्या शिक्षकास द्यावा लागेल. कपाटांत तें निरुपयोगी पडून राहिलें तर त्याला कोणी कांहीं विचारणार नाहीं. अशा स्थितींत कोणीहि सावध मनुष्य कुलूपच लावील. ज्या हिशेबांत मोडणें हा अपराध आहे आणि न वापरणें हा अपराध नाहीं, तो हिशेब शिक्षणाचा नव्हे.

ह्याच्या उलट विचार आपल्याच महाराष्ट्रांत एकदां करून पाहिला गेला आहे. रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत खैरात येथील एका धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं "प्रत्येक मुलास एक लॅपटॉप" ह्या जागतिक योजनेचे लहान हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हातीं देण्यांत आले. तेहि लिनक्सवरच चालत. मुलांस तो स्क्रू-ड्रायव्हरनें उघडतां यावा अशी त्याची रचना होती, आणि जादा स्क्रू त्याच्या अंगांतच ठेविलेले होते ! त्याच्या पडद्याचा मागील प्रकाश पूर्ण मालवला तरी उन्हांत अक्षरें काळ्यापांढऱ्यांत वाचतां येत. खोलींत जो पडदा काळा दिसे, तो अंगणांत नेतांच बोलूं लागे. ती योजना भारतांत फारशी पसरली नाहीं, हें खरें. परंतु यंत्र बिघडणारच, आणि मुलें तें उघडणारच, हें तिनें आधींच मान्य केलें होतें, हा तिचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

कोणी म्हणतील, मुलांस हें करूं देण्यांत धोका आहे. धोका आहेच. चुकीच्या ठिकाणीं तार लाविली तर पाटी जळते, आणि जळलेली पाटी कोणत्याहि वहीनें जिवंत होत नाहीं. परंतु ज्या पाटीस कोणी हातच लावीत नाहीं, ती न जळतांहि शाळेस जळल्यासारखीच आहे. दुसरे म्हणतील, पुण्याहून जाणता माणूस बोलवावा. अवश्य बोलवावा, परंतु तारेची व दिव्याची तपासणी झाल्यावर बोलवावा. नाहीं तर तो येईल, आधीं मॉनिटर लावील, पैसे घेईल व जाईल, आणि शाळा होती तितकीच अजाण राहील.

म्हणून आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक यंत्राजवळ एक दोषवही असावी. काय दिसलें, कोणता दिवा कसा लागला, काय एक बदललें आणि त्याचा परिणाम काय झाला, हें तारखेसह मुलांनीं लिहावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम त्या वहीच्या पहिल्या पानावर असावा. दुसरी, योग्य पुरवठ्याचा एक अडॅप्टर, एक चांगली तार व एक जादा कार्ड यंत्राबरोबरच विकत घ्यावें. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, शिकतांना झालेल्या मोडतोडीचा भार शिक्षकावर पडणार नाहीं असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीनें करून ठेवावा.

उरवड्याहून निघतांना आम्हीं त्या मुलीची वही पाहिली. शेवटची ओळ अशी होती : "यंत्र मेलें नव्हतें. आम्ही आधीं पुरवठा पाहिला नाहीं, नंतर मॉनिटर उशिरां लावला." तिची वर्गबंधुमंडळी पुढील वर्षीं दहावीस बसतील, आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं ह्या यंत्राचा उजळलेला पडदा अद्याप एकदांहि पाहिलेला नाहीं. तें खोकें आतां पुन्हां शाळेंत गेलें आहे. तें कपाटांत ठेवावें कीं मेजावर, हें ठरविणें मोठ्यांच्या हातीं आहे. आणि ठरविण्यापूर्वीं त्यांनीं ती वही एकवार वाचावी, एवढीच आमची विनंति आहे.